मडकं कोणी धरायचं

दादा गेला तेव्हा मी विमानात होतो, असं आमच्या गावात सांगतात. ते खरं नाही. मी लेकीच्या घरी होतो, तिकडे लांब थंड देशात. दोन सदरे आणि वरून जावयाचं स्वेटर घालून खिडकीपाशी बसलो होतो. इकडे चैत्र लागला होता आणि तिकडे अजून बर्फ पडत होता. गावाकडून पोराचा फोन आला. म्हणाला, "बाबा, मोठेबाबा राह्यले नाई." दादा दुपारी जेवला, लिंबाखाली खाट टाकून पडला, चहाला उठवायला गेले तर उठला नाही. दुखणं नाही, खुपणं नाही.

मी रडलो नाही. पोराला एकच सांगितलं. "मी आल्याशिवाय कोणी हात लावायचा नाई. मडकं मी धरीन."

हे मडक्याचं आधी सांगितलं पाहिजे. आमच्याकडे मयत निघालं की सगळ्यांच्या पुढे एक माणूस आगीचं मडकं दोरीला लटकवून चालतो. त्याच आगीनं पुढे घाटावर चिता पेटते. मडकं धरायचा हक्क मुलाचा, मुलगा नसला तर भावाचा. दादाने लग्न केलं नाही. का केलं नाही, ते घरात कोणी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. आमचा बाप मेला तेव्हा मी लहान होतो. त्या वेळी दादाच्या एका हातात मडकं होतं आणि दुसऱ्या हातात मी. मडक्यातला धूर माझ्या डोळ्यात जायचा म्हणून तो सारखा हात बदलत होता, एवढं मला आठवतं. पुढे तो लोकांच्या घरी सालदार राहिला. मला शाळेत घातलं. मी चौथीतून पळून आलो तर त्यानं मला बैल हाकायच्या तुतारीनं झोडलं आणि दुसऱ्या दिवशी वखरावर घेऊन गेला.

म्हातारपणी एकदा आम्ही दोघं धाम नदीच्या घाटावरून कोणाची तरी मयत करून येत होतो. दादा म्हणाला, "माह्यं मडकं तूच धरजो. तुह्या पोट्ट्याले देजो नको. त्याले रिकाम्या हातानं सरळ चालता येत नाई."

मी म्हटलं, "आन् मीच आधी गेलो तं?"

"तुले मी जाऊ देतो काय?"

यावर आम्ही दोघं हसलो. पण शब्द तो शब्द. आणि मी शब्दाचा माणूस आहे, हे गावातल्या कोणालाही विचारा. शेजाऱ्यानं माझ्या धुऱ्यात, शेताच्या बांधात, नांगर घातला, तेव्हापासून मी त्याच्याशी बोललो नाही. घराला घर लागून आहे, सकाळी तोंडासमोर तोंड येतं, पण नाही बोललो. दादा बोलायचा. मी नाही.

लेकीनं त्याच रात्री तिकडून विमानात बसवलं. मधे एका अरबांच्या देशात उतरायचं होतं. तिथे दिवसभर थांबायचं आणि मग रात्री थेट नागपूरचं विमान. उजाडता उजाडता गाव, आणि लगेच मयत. असा हिशोब होता. लेकीनं पाया पडताना पोळ्या आणि ठेचा बांधून दिला. मी घेतला, पण खायचा नव्हता. घरात मयत असली की आमच्याकडे चूल पेटत नाही. आणि आमच्या गावात ती चूल एका घराची नसते. सगळी आळी चूल बंद ठेवते. लहान लेकरांना दुसऱ्या आळीतून काही आणून भरवतात, मोठी माणसं मयत उचलेपर्यंत पाण्यावर असतात. एरवी अर्ध्या दिवसाचा प्रश्न असतो. सकाळी गेला तर दुपारी उचलला. त्यामुळे त्याचं कोणाला ओझं वाटत नाही.

सकाळी त्या अरबांच्या देशात उतरलो. विमानाच्या दारातच एक पोरगा चाकाची खुर्ची घेऊन उभा. लेकीनं सांगून ठेवलं होतं. मी म्हटलं, मी लुळा आहे काय? त्याला माझी भाषा समजली नाही, मला त्याची नाही. मी पुढे चालू लागलो. तो रिकामी खुर्ची ढकलत माझ्या मागे. बरंच अंतर असं झालं. शेवटी मी माझी पिशवी त्या खुर्चीत ठेवली आणि बाजूनं चालत राहिलो. पिशवी खुर्चीत आणि मी पायी. लोक पाहत होते. पाहू दे.

जिथे त्यानं नेऊन सोडलं ती जागा म्हणजे आमचं आंजीचं बाजाराचं पटांगण तीन-चार वेळा मावेल एवढी, आणि वर छत. फरशी अशी की तिच्यात माझं धोतर दिसत होतं. थंडगार. पण एक गोष्ट लगेच ध्यानात आली. एवढी माणसं, आणि कोणी तोंड हलवत नाही. खाण्याची दुकानं होती, पण त्यांच्यापुढे उंच पडदे लावलेले. ज्याला खायचं तो पडद्याआड जाई आणि तोंड पुसत बाहेर येई, चोरी करून आल्यासारखा. मग मला आठवलं. आमचा पाडवा झाला आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी यांचे रोजे लागले होते.

रोजे मला नवे नाहीत. गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबाच्या दर्ग्यावर दादा मला लहानपणापासून न्यायचा. तिथे डोंगरावर सुपारीसारखे गोल गोल दगड सापडतात. ते मी खिशात भरायचो आणि उतरताना दादा ते काढून टाकायला लावायचा. "बाबाचं बाबाजवळ राहू दे." एकदा रमजानात गेलो होतो तेव्हा तिथल्या माणसानं दिवस बुडेपर्यंत आम्हाला बसवून घेतलं आणि मग पहिला घास आमच्या हातावर ठेवला होता.

पोराला फोन लावला. त्यानं सांगितलं, वर्ध्याहून थंड पेटी आणली, मोठेबाबांना तिच्यात ठेवलं, पण लाईन येऊन जाऊन आहे. मधे मधे बर्फाच्या लाद्या लावाव्या लागतात. पाहुणे सगळे आले. मांडवात बसायला जागा नाही. मी म्हटलं, "उद्या सकाळी मी पोचतो. तोवर कोणी गडबड करजो नका." तो "हो" म्हणाला. आमच्या घरात माझ्या बोलण्यावर कोणी उलट बोलत नाही. निदान तेव्हापर्यंत बोलत नव्हतं.

माझ्या बाजूच्या खुर्चीवर माझ्याच वयाचा एक माणूस येऊन बसला. दाढी पांढरी, अंगात लांब सदरा, पायात मळका बूट. मुलाला भेटून हैदराबादकडे चालला होता. हिंदी बोलायचा, त्यामुळे माझं जमलं. थोड्या वेळानं म्हणाला, "सुबह से देख रहा हूँ, आपने पानी भी नहीं पिया. आप भी रोज़े से हैं?"

माझी पांढरी टोपी पाहून त्याला वाटलं असेल. पाणी आम्हाला चालतं, पण मला तेही सुचलं नव्हतं. मी म्हटलं, "नहीं भाई. हमारे घर मयत है. बड़ा भाई गया. उठाने के पहले हम लोग खाते नहीं."

त्यानं मान खाली घातली, तोंडातल्या तोंडात काही म्हटलं. मग विचारलं, "कब उठाएँगे?"

"मैं पहुँचूँगा तब."

त्यानं माझ्याकडे पाहिलं.

मीच पुढे म्हटलं, "तुमको तो प्रवास में माफ रहता है ना? हमारे उधर के मुसलमान बताते हैं."

"माफ है. मैं माफी लेता नहीं." मग थोडं हसून म्हणाला, "बेटा भी यही बोला. बहू भी बोली. मैंने कहा, अल्लाह ने छूट दी है, तुमने नहीं."

हा माणूस मला आवडला. म्हटलं, चला, आपल्यासारखा एक अडेल भेटला. आम्ही दोघं तसेच बसलो, तो त्याचा उपास धरून, मी माझा धरून.

दुपारनंतर काचेबाहेरचं आभाळ बदललं. आधी पिवळं, मग मळकट तपकिरी, आणि मग उभी असलेली विमानंच दिसेनाशी झाली. आमच्याकडे चैत्रात वावटळ उठते, पऱ्हाटीच्या काड्या, पालापाचोळा घेऊन वावरातून पळते आणि जाते. ही जात नव्हती. सगळं आभाळ जमिनीवर येऊन बसल्यासारखं झालं. विमानांच्या वेळा दाखवणाऱ्या पाटीवरची अक्षरं लाल झाली. मला वाचता येईना, बाजूच्यानं वाचून सांगितलं. "तुम्हारा भी गया, हमारा भी. कल शाम को."

उद्या संध्याकाळी विमान म्हणजे परवा सकाळी गाव.

एक बाई इंग्रजीत सांगत आली, राहायला हॉटेल देतो, गाडी येईल. तो हैदराबादचा म्हणाला, मी इथेच बरा. मी म्हटलं, मीही. मला भीती वाटली की इथून हललो तर ते आणखी काही पुढे ढकलतील.

गावाला फोन लावला. या वेळी पोरानं घेतला नाही, माझ्या बायकोनं घेतला.

"विमान उद्या आहे," मी म्हटलं. "परवा सकाळी पोचतो. तोवर ठेवा."

तिच्यामागे मांडवातल्या बायकांचं रडणं ऐकू येत होतं, दमलेलं, रडून रडून आवाज बसलेलं.

"ऐकलं काय?"

"ऐकलं," ती म्हणाली. "तुमी तिथं थंड हवेत बसून हुकूम सोडून राह्यले. इथं लाईन दुपारपासून नाई. बर्फ किती लावायचा? पाणी वाहून अंगणात चिखल झाला."

"जनरेटर आणा."

"आणला. शेजाऱ्यानंच आणला, ज्याच्यासंग तुमी बोलत नाई. थोही बंद पडला." मग तिचा आवाज खाली आला. "हे पाहा, काल दुपारपासून आळीत चूल नाई. लेकराइले बिस्किटं देऊन देऊन थकलो. आन् शेजारची म्हातारी एक घास घेऊन नाई राह्यली. तिले साखरेची गोळी चालू आहे. दुपारी चक्कर येऊन वट्ट्यावर पडली."

"मंग खाऊ घाला तिले. मी काय अडवलं?"

"तुमी नाई अडवलं. तिनं सोता ठरवलं. म्हणते, ज्याचा भाऊ गेला थो तिकडं उपाशी बसला आहे, आन् मी कशी खाऊ? पोरं हातात दूध घेऊन उभी आहेत, म्हातारी तोंड मिटून बसली."

ही शेजाऱ्याची आई. माझ्यापेक्षा बरीच मोठी. लहानपणी मी आणि दादा तिच्या घरी भाकर खाल्लेली. धुऱ्याचं भांडण झाल्यावर मी तिच्याशीही बोलणं सोडलं होतं. भांडण तिच्या पोराशी होतं, तिच्याशी नाही. पण मी भांडण अर्धं करत नाही.

"तिले समजावा," मी म्हटलं. "दादाले मी शब्द दिला आहे. मडकं मीच धरीन."

"शब्द तुमी दादाले दिला," ती म्हणाली, "आन् उपास गावानं धरला. एवढी वर्षं त्याले भाकर मी वाढली. गेलेला माणूस तुमच्या एकट्याचा नाई." तिनं फोन ठेवला. लग्न झाल्यापासून तिनं असं कधी केलं नव्हतं.

मी तिथेच बसलो. हैदराबादच्याला माझी मराठी किती समजली, ठाऊक नाही. मी मनात दादाशी बोलत होतो. म्हटलं, दादा, तूच सांग. पण दादा जिवंत असताना तरी कुठं सांगायचा. वखर धरून पुढे जायचा आणि मी मागे.

दिवस कलला. काचेबाहेर काही दिसत नव्हतं, पण लोकांवरून कळलं. जो तो खाली सतरंजीवर नाहीतर खुर्चीवर स्थिर बसू लागला. काही पोरं हातात डबे घेऊन आली आणि प्रत्येकापुढे एक एक डबा ठेवत गेली. डब्यात खजूर, पाण्याची बाटली, ताकासारखं काही, एक पाव. माझ्यापुढेही ठेवला. मी तो सरकवला. हैदराबादच्यानं एक खजूर काढून दोन बोटांत धरला आणि त्याच्याकडे पाहत बसला. एवढी माणसं, सगळ्यांच्या हातात खाणं, आणि कोणाचं तोंड हलत नव्हतं. मी मनात म्हटलं, हा पक्का आहे. प्रवासाची सूट न घेणारा माणूस. हा आता अजान ऐकेल, नमाज पढेल, सगळ्यांच्या शेवटी खाईल.

छतातून अजानचा आवाज आला. पहिलं वाक्य पुरतं संपलंही नसेल, खजूर त्याच्या तोंडात होता.

मला थोडं हसू आलं आणि थोडा रागही. म्हटलं, "दिन भर तो बड़े अड़ के बैठे थे. अब इतनी क्या घाई?"

त्यानं बी गालात सरकवली. "दिन भर हुक्म था. अब हुक्म खतम. अब एक घड़ी और भूखा बैठूँ तो वो मेरी अकड़ है, रोज़ा नहीं. खोलने में देर करना हमारे में अच्छा नहीं मानते." आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली.

तो मला उद्देशून बोलला नव्हता, हे मला आजही वाटतं. तो त्याच्या रोज्याबद्दल बोलला. तहान लागली होती बिचाऱ्याला, त्याचं लक्ष बाटलीकडे होतं. पण माझ्या कानाची पाळी तापली. लहानपणी दादानं कान धरला की तापायची तशी. मी उठलो, काचेपर्यंत गेलो, परत आलो. आमच्या उपासाला तर छतातून सांगणारं कोणी नव्हतं. आमच्या उपासाची अजान मीच होतो, आणि मी तोंड मिटून बसलो होतो. म्हातारीचं नाही, माझंच तोंड मिटलेलं होतं.

फोन लावला. बायकोनं घेतला.

"पोराले दे."

पोरगा आला. "काय बाबा?"

"मडकं तू धर."

त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला, ते मला ऐकू आलं.

"उजाडताच उचला. माही वाट पाहायची नाई."

"बाबा, तुमीच म्हटलं होतं…"

"मीच म्हटलं होतं आन् मीच सांगून राह्यलो. ऐक. चप्पल घालजो नको. मडकं अंगापासून दूर धरजो. धूर डोयात गेला तं हात बदलजो, थांबजो नको. आन् रस्त्यानं मोबाईल काढजो नको."

"हो बाबा." त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता.

"आता फोन घेऊन शेजारी जा. म्हातारीजवळ."

"त्याइच्या घरी?"

"दुसरं कोणतं शेजार आहे?"

पोराची पावलं ऐकू आली, मग फाटकाची कडी. त्या फाटकाच्या कडीचा आवाज मला ओळखीचा आहे. दादा बिडी ओढायला तिकडे जायचा तेव्हा मी तो आपल्या अंगणातून ऐकायचो. तिकडे कोणी तरी म्हणालं, "बोला." शेजारीच होता. मी म्हटलं, "आईले द्या." त्यानं दिला. आमचं बोलणं एवढंच झालं.

"कोण रे?" म्हातारी म्हणाली.

"मी, मावशी. धाकटा."

"खाल्लं काय तू?"

"तुमी खा पह्यले. साखरेच्या माणसानं उपाशी राहू नये."

"मले अक्कल शिकवू नको. तू खाय. मले ऐकू आलं पाह्यजे."

डबा माझ्यापुढेच होता, मी सरकवलेला. मी एक खजूर उचलला आणि तोंडात घातला. दादा अजून पेटीत होता. त्याला आग लागली नव्हती आणि मी चावत होतो. खजूर गोड होता. मी फोन तोंडाजवळ धरून चावला, तिला ऐकू जावं म्हणून.

"काय आहे?"

"खजूर."

"कोणाचा?"

"इथल्या मुसलमानाइचा."

"बरं. बी गिळजो नको." मग तिकडे कोणाला तरी म्हणाली, "आण थे दूध."

मी तसाच बसून राहिलो, बी मुठीत. टाकायची कुठे ते समजेना. हैदराबादच्यानं आपल्या डब्याचं झाकण माझ्यापुढे धरलं, त्याच्या बिया त्यात होत्याच. मी माझी टाकली. मग पाणी प्यायलो. पोळ्यांना हात लावला नाही. एक खजूर पुरे होता. ज्याच्यासाठी खायचा होता, तेवढं झालं.

रात्रीचं काय सांगायचं. खुर्चीत बसून गेली. पहाटे तिथे परत गडबड सुरू झाली, लोक दिवसभराचं खाऊन घेत होते. बाजूच्यानं दोनदा विचारलं, मी मान हलवली. मग ते सगळे हातपाय धुवायला उठले. त्याच वेळी पोराचा फोन आला. तिकडे चांगलं उजाडलं होतं.

"झालं बाबा," तो म्हणाला. त्याच्यामागे धामच्या काठावरच्या टिटव्या ओरडत होत्या. "आग दिली."

"सरळ चाललास?"

"चाललो."

"धूर?"

"हात बदलला."

बस. मी फोन ठेवला.

मयतीला आग दिली असं कानावर आलं की, माणूस कुठंही असो, डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय राहता येत नाही. आमच्याकडे विहीर असते, मोट नसली तरी बादली असते. इथे कुठे पाणी घ्यायचं? हैदराबादचा माणूस बाह्या वर करून चालला होता. मी त्याच्या मागे गेलो. एका खोलीत भिंतीला लागून खाली खाली नळ, पुढे बसायला दगडी ओटे. ओळीनं माणसं बसून तोंड, हात, पाय धूत होती. मी दारात उभा राहिलो.

"उनको उठा दिया," मी म्हटलं. "मेरे को नहाना पड़ता है. इधर चलता क्या?"

तो जरासा सरकला. "बैठ जाओ. नल बंद करके उठना, बस. लोग चालू छोड़ देते हैं."

मी टोपी काढली, ओट्यावर बसलो आणि नळाखाली डोकं धरलं. पाणी गार होतं. माझ्या दोन्ही बाजूंना लोक नमाजासाठी धूत होते आणि मधे मी दादाच्या नावानं. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. सदरा ओला झाला, मानेवरून पाणी पाठीत गेलं. तेव्हा मी रडलो. नळाखाली कोणाला दिसत नाही. आवाज मात्र मला आवरता आला नाही, आणि बाजूचे एक-दोघं धुणं झाल्यावरही तिथेच रेंगाळले. उठताना मी नळ बंद केला.

संध्याकाळी त्याचं विमान आधी लागलं. त्यानं नाव विचारलं नाही, मीही नाही. "सब्र करना," एवढं म्हणाला आणि पिशवी खांद्यावर टाकून गेला. पोळ्या आणि ठेचा मी त्याला देऊन टाकला होता. त्याचा रोजा विमानातच सुटणार होता.

गावात पोचलो तेव्हा अंगणातला मांडव निघाला होता. बर्फाच्या पाण्यानं झालेला चिखल वाळून भेगाळला होता. लिंबाखाली दादाची खाट उभी करून ठेवलेली. पोरानं डोकं भादरलं होतं आणि तो ओसरीत घोंगडीवर बसला होता, वेगळा. ज्यानं आग दिली त्याचं तसं असतं. दहा दिवस त्याला कोणी शिवत नाही, आणि त्याच्याशिवाय कोणतं कार्यही होत नाही. लोक आले की आधी त्याच्यापुढे बसत, मग माझ्याकडे वळत. मी घरातला मोठा. पण ते दहा दिवस मी त्याच्या मागे बसलो.

त्या दिवशी सकाळीच आम्ही राख सावडायला धामवर गेलो. पोरगा म्हणाला, "बाबा, तुमी सावडा. तुमचाच हक्क होता."

बायको माझ्याकडे पाहत होती.

मी म्हटलं, "ज्यानं मडकं धरलं, त्यानंच सावडायचं." आणि टोपली घेऊन उभा राहिलो. तो वाकून एक एक हाड वेचून टोपलीत टाकत होता. हाडं हलकी होती. एवढ्या दांडग्या माणसाची हाडं इतकी हलकी असतील, असं मला वाटलं नव्हतं. काठावर मडक्याच्या खापऱ्या पडल्या होत्या, आतून काळ्या. मी त्यातली एक उचलली आणि परत तिथेच टाकली.

परतताना पोरानं हळूच विचारलं, "बाबा, मोठेबाबाचा शेवटचा चेहरा मोबाईलात घेतला आहे, तुमच्यासाठी. पाह्यता काय?"

"मी तुले मोबाईल काढजो नको म्हटलं होतं."

"घरूनच काढला. उचलायच्या आधी."

मी म्हटलं, नंतर पाहीन.

मी लेकीकडे जायला निघालो होतो त्या दिवशी दादा फाट्यावर एसटी येईपर्यंत उभा होता. एसटी हलली तेव्हा त्यानं हात वर केला नाही. खांद्यावरचं दुपट्टं उचलून तोंडावरची धूळ पुसली आणि वावराकडे वळला. मी त्याची पाठ पाहिली. तोच माझा शेवटचा दादा आहे. मोबाईलातला चेहरा अजून पोराजवळ आहे. त्याला वर्षं झाली. पोरगा आता विचारत नाही, आणि मी अजून पाहिलेला नाही.